उलट्या दोऱ्याची काठी

मी एक जुनी काठी आहे. पण मित्रांनो, काठी म्हटल्याबरोबर डोळ्यांपुढे म्हातारबाबांची टेकायची काठी आणू नका, आणि गुरं हाकायची तर मुळीच आणू नका. हिरव्या कापडाच्या मोठ्या टेबलावर रंगीत चेंडू ठेवून पूल नावाचा खेळ खेळतात ना, त्या खेळातली मी काठी. खेळणारे मला क्यू म्हणतात. सध्या मी एका काचेच्या कपाटात मऊ कापडावर आडवी पडलेली असते. माझ्या डोक्यावर छोटा दिवा आहे आणि पायाशी पितळी पट्टी. मला कोणी घडवलं त्याचं नाव त्या पट्टीवर कोरलेलं आहे. ते नाव साफ खोटं आहे. रोज सकाळी इथला शिपाई ती पट्टी घासूनपुसून चकचकीत करतो आणि मला मळमळायला लागतं.

तुम्ही म्हणाल, ही काठी फारच नाकं मुरडते. मुरडते खरी. जिला पन्नासपंचावन्न वर्षं लोकांचे हात सोसावे लागले, तिने नाक नाही मुरडायचं तर कोणी? मी माणसं चेहऱ्यांवरून ओळखत नाही, हातांवरून ओळखते. घामट हात, तळलेलं खाऊन तसेच आलेले हात, नखांत मळ साठलेले हात, शिंक हातात घेऊन माझ्यावरच पुसणारे हात, सगळे माझ्या वाट्याला आले. त्या सगळ्यांची मला किळस येते. पण ज्या हातांची मला अगदी शिसारी आहे, ते हात स्वच्छ होते. त्यांवर पांढरेशुभ्र हातमोजे होते. ते कसे काय, हे सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म छत्री दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत झाला. पुढच्या खोलीत संसार आणि मागच्या खोलीत लेथयंत्र. माझा बाप कातारी होता, म्हणजे लाकूड फिरवत फिरवत त्याला गोल कातणारा कारागीर. आधी तो एका बड्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या काठ्या दूरदूरच्या देशांत जायच्या. प्रत्येकीच्या बुडाशी तीन पानांची छाप असायची आणि छापेखाली मालकाचं नाव. जग त्या मालकाला ‘उस्ताद’ म्हणायचं. उस्तादांनी उभ्या आयुष्यात पटाशी हातात धरली नव्हती. त्यांच्या हातात कायम चहाचा कप असे. काठ्या मागच्या शेडमध्ये सातजण करत आणि त्यांतल्या सगळ्यात देखण्या काठ्या माझ्या बापाच्या हातच्या असत.

एकदा त्याने भीत भीत मालकाला विचारलं, “छापेच्या खाली, अगदी बारीक अक्षरात, माझंही नाव घातलं तर चालेल का?”

मालकाने चहाचा घोट घेतला. “पगार मिळतो ना वेळेवर? मग नाव कशाला हवंय, चाटायला?”

शेडमधले बाकीचे सहाजण हसले. माझ्या बापाने आपली हत्यारं पिशवीत भरली आणि तो घरी आला, तो परत गेला नाही. हे मी पाहिलेलं नाही, कारण तेव्हा मी नुसता लाकडाचा ओंडका होते. पण मी घडत असताना त्याची बायको हा किस्सा इतक्यांदा सांगायची की मला तो पाठ झाला.

ही कातारीणबाई म्हणजे घरातला दुसरा कारागीर. काठीची मूठ घसरू नये म्हणून तिच्यावर बळकट दोरा गुंडाळतात, अगदी घट्ट, वेढ्याला वेढा लावून. कारखान्यात हे काम यंत्रावर व्हायचं. घरी ते काम बाईकडे आलं. ती डावखुरी. मला उजव्या काखेत धरायची आणि डाव्या हाताने दोरा ओढायची, त्यामुळे वेढ्यांचा कल जगातल्या बाकी सगळ्या काठ्यांपेक्षा उलट्या बाजूला जायचा.

“तुझं सगळंच उलटं,” तो म्हणायचा.

“मग तुम्ही गुंडाळा की सुलटं.”

एकदा त्याने खरंच गुंडाळला. चार दिवसांत दोरा सैल होऊन मोज्यासारखा खाली आला. त्यानंतर त्याने त्या कामात नाक खुपसलं नाही.

माझ्या बापाने घरी एकूण अकरा काठ्या केल्या. मी अकरावी. माझ्याआधीच्या दहाजणी बिननावाच्या घराबाहेर पडल्या आणि त्यात कोणाचा दोष नव्हता, हट्ट त्याचाच होता. माझ्या मागच्या जाड भागाकडे बघा. फिकट लाकडात काळ्या शिसवाची चार लांब, निमुळती टोकं बसवलेली दिसतील. ही चारही टोकं वर एकाच रेषेत थांबायला हवीत. घरचं लेथयंत्र जुनं, जरासं डुगडुगणारं. दहाही काठ्यांत एखादं टोक केसभर खाली राहिलं. खेळणाऱ्याला ते कधीच दिसलं नसतं. पण तो म्हणायचा, “चारही एका रेषेत आली की त्या काठीवर नाव घालीन. तोवर नाही.”

माझ्यावर ती आली. पोलादी पट्टी घेऊन तो माझ्याभोवती तीनदा फिरला. मग त्याने हाक मारली, “अगं ए, इकडे ये आधी.” ती हात पुसत आली, तिनेही पट्टी लावून पाहिली. त्याने बारीक कोरणी काढली, दगडावर घासून धारदार केली. माझ्या बुडाशी चार बोटं जागा त्याने मुद्दाम मोकळी सोडली होती. पण वार्निश ओलं होतं. तो म्हणाला, “उद्या घालू.”

मित्रांनो, त्या ‘उद्या’ने माझा घात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं गिऱ्हाईक दारात उभं. तो एक न्हावी होता, आणि शहरातला नामांकित खेळाडूही. त्याचा सामना त्याच दुपारी होता. वार्निश जेमतेम सुकलं होतं. “एवढ्या खेळापुरती द्या हो कारागीर. संध्याकाळी स्वतः आणून देतो नाव घालायला,” असं म्हणून तो मला घेऊन गेला. दुपारी तो जिंकला. संध्याकाळी मित्रांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि मला घरी पोचवायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात दुसरा सामना होता. मग तिसरा. मी हातात इतकी छान बसायची की मला एक दिवससुद्धा सोडायला तो तयार नव्हता. माझ्या बापाने दोनदा निरोप धाडला. दोन्ही वेळा उत्तर आलं की हा सामना होऊ द्या, मग आणतो.

न्हाव्याचे हात मात्र चांगले होते, हे कबूल करायला हवं. दिवसभर लोकांच्या दाढ्या करायच्या म्हणून सतत धुतलेले, साबणाचा वास येणारे हात. त्या हातांत मी खूप वर्षं सुखाने काढली. माझं कौतुकही अफाट झालं. ज्या हॉलमध्ये जावं तिथे लोक मला उचलून बघत, डोळ्याजवळ धरून सरळ आहे का पाहत आणि विचारत, “कोणी केली हो ही?” टोक चेंडूवरून घसरू नये म्हणून त्यावर खडू घासत तो सांगायचा, “आहे आमचा एक कारागीर.” नाव कधीच नाही. बायको माझ्या बापाला ‘अहो’ म्हणायची, न्हावी ‘कारागीर’ म्हणायचा आणि कारखान्याचा मालक नुसतं ‘ए’. त्यामुळे माझ्या स्वतःच्या बापाचं नाव काय, हे मलासुद्धा कधी कळलं नाही. ते माझ्या अंगावर लिहिलं जाणार होतं, तेव्हा कळणार होतं.

एके दिवशी हॉलमध्ये कोणीतरी बातमी आणली की कातारी गेला. लाकडाचा भुसा छातीत साठून साठून गेला. न्हाव्याने माझ्या टोकाला खडू लावता लावता हात थांबवला. “अरे, ते नाव घालायचं राहिलंच,” तो म्हणाला. मग तो वाकला, त्याने नेम धरला आणि पुढचा चेंडू बिनचूक भोकात घातला. त्या दिवशी मला त्या साबणाच्या वासाची पहिल्यांदा किळस आली. ती नंतर गेली नाही.

न्हाव्याचे हात कापायला लागले तेव्हा मी दारामागे गेले. तो वारल्यावर घर भाच्याकडे आलं. भाच्याच्या बायकोला माझा उपयोग काय, हे कोणी सांगितलं नव्हतं, तेव्हा तिने तो स्वतःच शोधून काढला. आधी तिने माझ्या टोकाला फडकं बांधून छताची कोळिष्टकं काढली. मेलेले किडे माझ्या अंगावरून घरंगळत जायचे. मग ओले कपडे उंच दोरीवर टाकायला मी कामाला आले. आणि एके दिवशी मोरी तुंबली.

मित्रांनो, तो प्रसंग मी तुम्हांला सविस्तर सांगणार नाही, कारण तुमच्यापैकी कोणी नुकतंच जेवलं असेल. एवढंच सांगते की माझं निमुळतं अंग जाळी काढून आत गेलं आणि बाहेर येताना केसांचा, साबणाच्या चिखलाचा आणि कुजक्या शितांचा एक भलामोठा गोळा घेऊन आलं. “निघालं एकदाचं!” म्हणून ती आनंदाने ओरडली आणि तिने मला भिंतीवर झटकलं. तिच्यावर माझा राग नाही. तिला मोरी मोकळी करायची होती आणि तिने ती केली. पण त्यानंतर कित्येक महिने मला माझ्याच अंगाचा वास सहन होत नसे. मुठीवरचा दोरा काळा पडला. तरी एक वेढासुद्धा सुटला नाही. बाईचा हात होता तो.

पुढे मी रद्दीबरोबर भंगारवाल्याकडे गेले आणि भंगारवाल्याकडून एका माणसाच्या हाती लागले. त्याला सगळे गोडबोल्या म्हणत. जुन्या वस्तू विकत घ्यायच्या, त्यांना पॉलिश करायचं आणि हौशी श्रीमंतांच्या गळ्यात मारायच्या, हा त्याचा धंदा. बोलण्यात साखर पेरलेली आणि हात मात्र चिकट. लाकडाच्या रेषा दिसाव्यात म्हणून तो अंगठा जिभेवर ओला करायचा आणि माझ्या अंगावर चोळायचा. एकदा नाही, दहादा, वेगवेगळ्या ठिकाणी. मोरी परवडली. चोळता चोळता त्याच्या अंगठ्याखाली ती चार काळी टोकं आली आणि अंगठा थबकला. मग त्याने मूठ पाहिली, दोऱ्याचा उलटा कल पाहिला आणि तो स्वतःशीच हसला.

“आणखी एक मिळाली की काय,” तो पुटपुटला.

बुडाशी त्याला चार बोटं मोकळी जागा सापडली. ज्या जागेसाठी माझ्या बापाने कोरणी धारदार करून ठेवली होती, तीच जागा. गोडबोल्याच्या खणात एक पितळी ठसा होता, तीन पानांचा आणि खाली उस्तादांचं नाव. त्याने तो स्टोव्हवर तापवला आणि माझ्यावर दाबला. जळक्या वार्निशचा घाणेरडा धूर निघाला. मग जुनं दिसावं म्हणून त्या ताज्या जखमेत त्याने चहाची भुकटी आणि थुंकी कालवून भरली.

मोरीतली घाण पाण्याने निघाली होती. ही घाण पाण्याने निघणारी नव्हती.

दोन दिवसांनी तो मला संग्राहक मंडळाच्या कार्यालयात घेऊन गेला. जुन्या क्यू ओळखणारा सगळ्यात मोठा जाणकार तिथला अध्यक्ष होता. बोलताना त्याचं भिंग कधी खाली जात नसे, म्हणून त्याला सगळे भिंगवाले म्हणत. खोलीत सगळीकडे काचेची कपाटं होती. भिंगवाल्यांनी पांढरे हातमोजे चढवले आणि मला दोन्ही हातांवर असं उचललं की मी म्हणजे जणू तान्हं बाळ. त्यांनी माझे दोन भाग जोडाशी फिरवून उघडले, आतले पितळी आटे तपासले, वजन केलं, माझ्या चार टोकांना पट्टी लावली. किती वर्षांनी कोणीतरी त्या टोकांना पट्टी लावत होतं! खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मला वाटलं, हा माणूस ओळखणार.

मग त्यांचं भिंग मुठीवर आलं आणि तिथेच थांबलं.

“उलटी गुंडाळी,” ते हळूच म्हणाले. “ही त्याच मालिकेतली आहे.”

समोरच्या कपाटाकडे माझं लक्ष गेलं. तिथे पाच काठ्या ओळीने ठेवल्या होत्या. पाचही जणींच्या मुठी डावीकडे कलत्या. पाचही जणींचं एकेक टोक केसभर खाली. माझ्या थोरल्या बहिणी होत्या त्या! आणि पाचही जणींच्या बुडाशी तोच तीन पानांचा डाग होता. भिंगवाल्यांनी त्यांच्यावर एक पुस्तिकाच लिहिली होती. तिच्यात असं म्हटलं होतं की उतारवयात उस्तादांनी काही मोजक्या काठ्या एकट्याने, स्वतःच्या हाताने घडवल्या, आणि आपली गुप्त खूण म्हणून त्यांच्या मुठींवर दोरा मुद्दाम उलटा गुंडाळला. चहाचा कप धरणारे ते हात! मला हसूही येईना आणि रडूही येईना. 

“एक अडचण आहे,” भिंगवाले म्हणाले. “मंडळातले दोघंतिघं शंका काढतात. कारखान्यातलं एखादं जुनं माणूस साक्षीला मिळालं तर बरं होईल.”

“सातातलं आता कोणी उरलेलं नाही,” गोडबोल्या म्हणाला. “पण एकाची बायको आहे म्हणतात. छत्रीवाल्याच्या वर राहते. म्हातारी आहे, मोटारीत बसवून आणतो. कारखान्याचं नाव काढलं की मान डोलावेल बिचारी.”

आणि तो खरंच गेला तिला आणायला. आपल्याच हाताने खड्डा खणायला निघालेला माणूस मी तेव्हा पाहिला.

ती आली. ऐंशीच्या पुढची, कंबरेत वाकलेली, हातात छोटी कापडी पिशवी. भिंगवाल्यांनी तिला खुर्ची दिली, चष्मा लावायला वेळ दिला आणि मला तिच्यापुढे टेबलावर ठेवलं.

“काकू, नीट बघून सांगा. ही उस्तादांच्या कारखान्यातली काठी ना?”

तिने काही न बोलता डावा हात पुढे केला आणि माझ्या मुठीवर ठेवला. मित्रांनो, तो हात आता हाडकुळा झाला होता, पण मी तो लगेच ओळखला. त्या हाताची मला किळस आली नाही. माझा बाप गेल्यापासून एवढा एकच हात.

“कारखान्यातली कशाला? ही आमच्या घरातली आहे,” ती म्हणाली. “हा दोरा मी गुंडाळलाय.”

गोडबोल्या हसला. “काकू, दोरे काय, सगळे सारखेच दिसतात.”

“दिसू देत. मी डावखुरी आहे. थांबा, दाखवते.” टेबलावर पार्सलची सुतळी पडली होती. तिने ती उचलली, तिथलीच लाकडी मोजपट्टी उजव्या काखेत धरली आणि डाव्या हाताने दहापंधरा वेढे घातले. ऐंशी वर्षांच्या हाताने, पण वेढ्याला वेढा अगदी चिकटून. मग तिने पट्टी गोडबोल्यापुढे धरली. “आता तुम्ही पुढे गुंडाळा.” त्याने हसत हसत गुंडाळली. त्याचे वेढे दुसऱ्या बाजूला कलले. भिंगवाल्यांनी भिंग धरून आधी पट्टी पाहिली, मग मला पाहिलं. त्यांचा हात माझ्या अंगावर होता. हातमोज्याच्या आत त्याला घाम फुटला, तो कापडातून माझ्यापर्यंत आला.

“अशा अकरा केल्या ह्यांनी,” ती सांगत होती. “पैकी हीच पुरती जमली म्हणाले. हिच्यावर नाव घालायचं होतं.” तिने मला उलटं केलं, बुडाशी बोट फिरवलं आणि तिचा चेहराच बदलला. “ही छाप कोणी मारली? ही जागा ह्यांनी नावासाठी सोडली होती.”

गोडबोल्या खिडकीबाहेर बघायला लागला.

“मला दुसरं काही नको,” ती म्हणाली. “काठी नको, पैसेही नकोत. तुम्ही शिकलेली माणसं आहात, खाली पट्टी लावता ना, तिच्यावर ह्यांचं नाव लिहा. एका काठीवर लिहिलंत तरी पुरे. घ्या लिहून. ह्यांचं नाव—”

 पंचावन्न वर्षांनी मला ते नाव ऐकू येणार होतं.

“काकू, काकू!” भिंगवाले गडबडीने उठले. “तुमच्या आठवणी फार मोलाच्या आहेत. आपण सगळं सविस्तर नोंदवून घेऊ. आधी बाहेर बसून चहा घ्या पाहू. गार होतोय.” आणि तिच्या पाठीला हलकेच हात लावून त्यांनी तिला दाराबाहेर नेलं.

दार लागलं. भिंगवाले कपाटातल्या माझ्या पाच बहिणींकडे बघत होते. तिथेच त्यांची पुस्तिकाही ठेवली होती, वर त्यांचा फोटो. ते कधीतरी ‘चूक झाली’ म्हणतील, असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. मी त्यांच्याकडे आशेने बघत होते, या गोष्टीची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

“मूठ फारच मळली आहे, नाही का?” ते म्हणाले.

गोडबोल्याच्या लगेच ध्यानात आलं. “अगदीच घाण झालीय हो. वासही येतो.”

“वर चामडं चढवलं तर संवर्धनाच्या दृष्टीने योग्य होईल. बाकीच्या पाचांनाही. म्हणजे एकसारखं दिसेल.”

संवर्धन! मोरी साफ करणाऱ्या त्या बाईने मला निदान मोरी साफ करते आहे असं म्हणूनच वापरलं होतं. गोडबोल्याने पातं काढलं. मोरीत जो सुटला नाही, तो दोरा त्याने लांबीत चर्रकन कापला आणि ओरबाडून काढला. तुकडे केराच्या टोपलीत पडले. तोवर पांढऱ्या हातमोज्यांनी मला घट्ट धरून ठेवलं होतं. हलू नये म्हणून.

तेवढ्यात दार उघडलं. ती चष्म्याचं घर विसरली होती, ते घ्यायला परत आली होती. तिने मला पाहिलं, उघडी पडलेली. मग टोपलीत पाहिलं. ती हळूहळू खाली वाकली आणि दोऱ्याचे तुकडे एकेक करून वेचायला लागली.

“काकू, कचरा कशाला नेताय?” गोडबोल्या म्हणाला.

“कचरा नाही. माझा दोरा आहे.” तिने ते तुकडे उजव्या हाताच्या बोटांवर गुंडाळले, डाव्या हाताने, उलटे, घाई न करता. पिशवीत टाकले. मग ती भिंगवाल्यांकडे वळली. “मी खोटं बोलले असते तर तुम्ही माझ्याशी वाद घातला असता. मी खरं बोलले, म्हणून तुम्ही पातं काढलंत.”

भिंगवाले हातमोज्याचं टोक ओढत राहिले. ती गेली. तिला मोटारीने पोचवायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

तेव्हापासून मी या कपाटात आहे. मुठीवर आता गुळगुळीत तपकिरी चामडं आहे. त्याच्या गोंदाला असा वास येतो की विचारू नका. चामड्याच्या खाली माझ्या लाकडावर दोऱ्याच्या खुणा उमटलेल्या आहेत, डावीकडे कललेल्या, पण त्या बघायला चामडं काढावं लागेल आणि इथे ते कोण काढणार? लोक येतात, पितळी पट्टी वाचतात, “वा, उस्तादांच्या हातची!” म्हणतात आणि पुढच्या कपाटाकडे जातात. ‘वा’ म्हणणाऱ्यांचा राग करू नये, त्यांना काय माहीत, असं मी मनाला बजावते. ते जमत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांची धूळ पुसा, असं तुम्हांला पुष्कळ वस्तूंनी सांगितलं असेल. मला आता कोणी पुसू नये, जपूही नये. लोकांनी मला इतकं जपलं की माझा दोरासुद्धा राहिला नाही. तुमच्या घरात कोणी हाताने केलेली वस्तू असेल, पाट असेल, गोधडी असेल, तर ती कोणी केली हे आजच विचारून घ्या. ‘उद्या’ म्हणू नका. आणि माझं एक काम करा. छत्री दुरुस्तीच्या दुकानाच्या बाजूने लाकडी जिना वर जातो. वर दोन खोल्या आहेत. मागच्या खोलीत लेथयंत्र चादरीखाली झाकलेलं असेल आणि पुढच्या खोलीत ती बसलेली असेल. तिला माझ्या बापाचं नाव विचारा. ते तोंडाशी आलं असताना तिला तोडलं होतं, तुम्ही पूर्ण ऐकून घ्या. मग इकडे या, शिपायाचं लक्ष नसेल तेव्हा काचेला तोंड लावा आणि ते नाव मला सांगा. काचेवर तुमच्या श्वासाची वाफ बसेल, चिकट बोटांचे डाग पडतील, खाऊचा वास येईल. येऊ दे. त्याची मी किळस करणार नाही.